रुग्णपरीक्षा : प्लेगच्या सालापासून पुढें

कल्याणाहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं सुरू झाला. बदलापूर व आमचें कात्रप ह्यांस मुंबईशीं जोडणाऱ्या ह्या मार्गाच्या तोंडाशींच, कल्याण स्थानकावर, रुग्णपरीक्षेच्या इतिहासांतील एक कडू प्रकरण घडलें. ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाची हकीकत सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हीं हा विषय घेतला, कारण आपल्या घरोघरीं म्हातारीं माणसें आहेत, मुलें पहांटेच्या लोकलनें मुंबईस जातात, आणि दुखणेंकऱ्यापाशीं बसणारास नेमकें काय पाहावें हें ठाऊक नसतें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस ह्यांनीं कांहीं रोगी तपासले. गोव्यांत जन्मलेल्या ह्या वैद्यानें ताप पाहिला, गांठ चाचपली, आणि हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, होय असें सांगितलें. निदान शहरास रुचणारें नव्हतें; परंतु तें खरें ठरलें. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मुंबईहून येणाऱ्या उतारूंस कल्याणास थांबवून तपासूं लागले. पाहावयाचें तें थोडकेंच : अंगांत ताप आहे काय, काखेंत किंवा जांघेंत गांठ आहे काय. वैद्यकदृष्ट्या ह्यांत गैर कांहीं नव्हतें. गैर होती ती रीत.

पुण्यांत तर गोरे सोजीर घरांत शिरले. परक्या पुरुषांनीं स्त्रियांच्या अंगास हात लावल्याच्या तक्रारी झाल्या. प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांस कसें वागविलें जातें ह्याविषयीं पंडिता रमाबाईंनीं वर्तमानपत्रांत उघड लिहिलें. लोक रोगी लपवूं लागले. ज्या परीक्षेच्या भयानें रोगी माळ्यावर लपतो, ती परीक्षा कसली? जूनच्या २२ तारखेस रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, हें सर्वांस ठाऊकच आहे. त्याच वर्षीं, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्यांनींही रोग्यांस हात लावलाच होता.

पुढें १९०९ सालीं रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकारानें पुण्यांत सेवासदन निघालें, आणि त्यांतून मराठी स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें काम शिकूं लागल्या. आपल्याच बायकांचा शिकलेला हात आपल्या बायकांस लागूं लागला, ही आमच्या मतें त्या काळची फार मोठी गोष्ट होय.

ही विद्या सर्वस्वी परकी मात्र नव्हे. योगरत्नाकरांत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि व आकृति अशी अष्टविध परीक्षा सांगितली आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनीं १८५९ च्या आपल्या ग्रंथांत निरीक्षणासाठीं स्वतंत्र प्रकरण घातलें. रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा इटलींत रिव्हा-रोच्ची ह्यांनीं पुढें आणला तो १८९६ सालींच. मांडवीच्या त्या रोग्यांस अर्थातच त्याचा उपयोग नव्हता.

आजची परिचारिका प्रथम आपलें नांव सांगते, काय करणार तें सांगते, पडदा ओढते, मगच हात लावते. नाडी मनगटाशीं, पुरा एक मिनिट मोजावी. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची ती ६० ते १०० असते. श्वास १२ ते २०. तो मोजतों आहों हें रोग्यास कळूं देऊं नये. कळलें कीं तो श्वास बदलतो. म्हणून नाडीवरचें बोट तसेंच ठेवून छातीकडे पाहावें. मुलांचे आंकडे अधिक असतात. ताप, रक्तदाब, दुखणें कोठें व कधींपासून, लघवी किती झाली, जेवण किती गेलें, हेंही पाहावें. म्हाताऱ्या माणसांत मोठा रोग असूनही ताप न येणें शक्य आहे. कालपर्यंत नातवंडांचीं नांवें घेणारी आजी आज एकाएकीं बरळूं लागली, तर "वय झालें" म्हणून सोडूं नये, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

आणि लिहून ठेवावें. "बरें नाहीं" असें लिहिल्यानें कांहींच कळत नाहीं. "सकाळीं ७ वाजतां ताप १०१, नाडी ११०, पाणी दोन पेले" ह्यानें कळतें. कॅलेंडराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलें तरी चालेल, मात्र वेळ घालावी. असा कागद डॉक्टरांच्या हातीं गेला म्हणजे त्यांस निम्मी हकीकत विचारावी लागत नाहीं.