नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र (भारतीय विज्ञान संस्था)

नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र हे बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे अध्यापन व संशोधनाचे आंतरविद्याशाखीय केंद्र आहे. ते 'सेन्स' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग होय. इतक्या सूक्ष्म मापाच्या रचना घडवणे, त्या तपासणे आणि त्यांपासून उपयुक्त उपकरणे बनवणे हे केंद्राचे कार्यक्षेत्र आहे.

स्थापना

२००६ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई येथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर २०१० मध्ये 'सेन्स' स्थापन झाले. प्रा. रुद्र प्रताप हे केंद्राचे संस्थापक अध्यक्ष होते.

स्वच्छ कक्ष

केंद्राच्या निर्मिती प्रयोगशाळेचा गाभा म्हणजे तेथील स्वच्छ कक्ष. 'वर्ग १००' दर्जाच्या कक्षात एका घनफूट हवेत अर्धा मायक्रोमीटर वा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक असू नयेत, असा दंडक असतो. धुळीचा एक कणही सूक्ष्म मंडल निकामी करू शकतो. म्हणून विशिष्ट पोशाख घातल्यावाचून आत प्रवेश मिळत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन अतिनील किरणांनी आकृती उमटवली जाते. हा लेप साध्या पांढऱ्या प्रकाशानेही बाधित होतो. त्यामुळे त्या दालनात पिवळे दिवे असतात. तयार नमुन्यांची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत होते.

अध्यापन आणि बाहेरील संशोधकांना प्रवेश

केंद्रात पीएच.डी.साठी संशोधन करता येते. अशी यंत्रसामग्री उभारणे व सतत चालू ठेवणे बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे असते. ही उणीव भरून काढण्यासाठी 'भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स उपयोगकर्ता कार्यक्रम' २००८ मध्ये बंगळूर व मुंबई येथील याच दोन संस्थांत सुरू झाला. यात प्रथम परिचयवर्ग, पुढे प्रत्यक्ष हाताळणीचे प्रशिक्षण आणि अखेरीस स्वतःच्या प्रकल्पासाठी यंत्रे वापरण्याची संधी, अशा पायऱ्या आहेत. त्यामुळे स्वतःची प्रयोगशाळा नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही आपली कल्पना कागदावरून चकतीवर उतरवता येते. पुढे आयआयटी मद्रास, दिल्ली, खरगपूर व गुवाहाटी या संस्थाही कार्यक्रमात सामील झाल्या.

संशोधन

संवेदक, सूक्ष्म विद्युत-यांत्रिक प्रणाली, प्रकाशीय उपकरणे आणि गॅलियम नायट्राइडवर आधारित ट्रान्झिस्टर हे संशोधनाचे प्रमुख विषय आहेत. केंद्रातील प्रा. नवकांत भट यांच्या संशोधनातून 'पाथशोध' ही कंपनी उभी राहिली. मधुमेहाशी निगडित अनेक चाचण्या रक्ताच्या थेंबावरून करणारे हातात मावेल एवढे उपकरण तिने विकसित केले आहे.