बिबीघरचे ओलीस आणि इंग्लंडातील लोकमत (१८५७–५८)

युद्धकाळात शत्रूच्या हाती सापडलेल्या निःशस्त्र माणसांच्या हालअपेष्टांची वार्ता स्वदेशी पोहोचली म्हणजे लोकमत तिची शहानिशा करण्यासाठी क्वचितच थांबते. क्षोभ स्वाभाविक असतो. परंतु त्याच्या आधारे जी कृत्ये समर्थनीय ठरविली जातात, त्यांचा हिशेब इतिहासाला वेगळा मांडावा लागतो. कानपूरच्या बिबीघरातील ओलिसांचे प्रकरण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. येथे मूळ घटना, तीवर चढलेली अफवांची पुटे व त्या अफवांची पुढे झालेली चौकशी, या तिन्हींचा पुरावा उपलब्ध आहे.

प्रथम निर्विवाद भाग पाहू. जनरल व्हीलरच्या छावणीचा वेढा ६ जून १८५७ रोजी सुरू झाला. तहानंतर २७ जून रोजी सतीचौरा घाटावर नावांत बसलेल्या इंग्रजांची कत्तल झाली. तीतून वाचलेल्या स्त्रिया व मुले प्रथम सवादा कोठीत व नंतर बिबीघर या लहानशा इमारतीत ठेवण्यात आली. फत्तेगडहून निसटून आलेले काही जण त्यांत मिळविण्यात आले. एकूण संख्या सुमारे दोनशे होती. जागा अपुरी, अन्न निकृष्ट व ऋतू पावसाळ्याचा असल्याने पटकी व हगवण यांनी कित्येक दगावले. हॅवलॉकची फौज जवळ येत असता या बंदिवानांचा उपयोग वाटाघाटीसाठी करावा असा हेतू होता, असे सामान्यतः मानले जाते. परंतु १५ जुलै रोजी औंग व पांडू नदी येथे पराभव झाला आणि त्याच संध्याकाळी ओलिसांची हत्या करण्यात आली. पहाऱ्यावरील शिपायांनी हे काम मनापासून केले नाही, म्हणून ते कसायांकरवी उरकण्यात आले. दुसऱ्या दिवशी देहे विहिरीत टाकली तेव्हा काही जण जिवंत होते, असे साक्षींवरून दिसते. आज्ञा नेमकी कोणाची, याविषयी साक्षींत मेळ नाही. नानासाहेब पेशव्यांच्या सत्तेखाली हे घडले, हे मात्र नाकारता येत नाही.

१७ जुलै रोजी कानपुरात शिरलेल्या सैनिकांनी रक्ताने माखलेली फरशी पाहिली. ओलिसांपैकी एकही साक्षीदार उरलेला नव्हता. ही पोकळी कल्पनेने भरून काढली. स्त्रियांची विटंबना झाली, नाक-कान कापण्यात आले, अशा कथा पत्रांतून व वृत्तपत्रांतून पसरल्या. इमारतीच्या भिंतींवर सूडाची याचना करणारी वाक्ये आढळली. ती बंदिवानांची नसून मागाहून आलेल्या सैनिकांनी लिहिली होती. इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्ये अद्याप थेट तारायंत्र नव्हते. सविस्तर पत्रे आगबोटींतून कित्येक आठवड्यांनी पोहोचत. वार्ता आणि खुलासा यांच्यातील हे अंतर अफवेला पोषक ठरले. लॉर्ड शाफ्ट्सबरीसारख्या लोकहितकर्त्याने जाहीर सभेत विद्रूप केलेल्या स्त्रियांविषयीच्या एका पत्राचा हवाला दिला. ते पत्र आपण स्वतः पाहिले नव्हते, असे त्याला पुढे मान्य करावे लागले. ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस राष्ट्रीय अनुताप व प्रार्थना यांसाठी पाळण्यात आला. त्या दिवशी क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जनचे प्रवचन ऐकण्यास २३ हजारांहून अधिक लोक जमले होते.

क्षोभाचे रूपांतर सूडात कसे झाले, हे नीलच्या आज्ञेवरून दिसते. दोषी ठरविलेल्यांकडून फाशीपूर्वी बिबीघरातील रक्त चाबकाच्या धाकाने साफ करून घ्यावे, असे त्याने २५ जुलै रोजी फर्माविले. त्यात शिक्षेपेक्षा धर्मभ्रष्टतेचा हेतू प्रबळ होता. येथे कालक्रमाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. पुढे ‘कानपूरचा सूड’ म्हणून ज्या सरसकट फाशांचे समर्थन करण्यात आले, त्यांपैकी अलाहाबाद व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील कित्येक फाशा बिबीघरच्या हत्येपूर्वीच्या होत्या. म्हणजे कार्य आधी घडले व कारण मागाहून जोडण्यात आले.

तथापि इंग्लंडातील लोकमत एकजिनसी नव्हते. अत्याचाराला अत्याचाराने उत्तर देण्यास डिझरायलीने सप्टेंबरअखेर न्यूपोर्ट पॅग्नेल येथील भाषणात जाहीर विरोध केला. गव्हर्नर जनरल कॅनिंगने ३१ जुलैच्या ठरावाने शिक्षांना मर्यादा घातली. तेव्हा ‘दयाळू कॅनिंग’ अशी त्याची हेटाळणी झाली व ‘पंच’ने त्यावर व्यंगचित्र काढले. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये मार्क्सने शिपायांचे क्रौर्य न नाकारता, ते इंग्रजांच्या दीर्घकालीन वर्तनाचे प्रतिबिंब आहे, असे प्रतिपादन केले.

कॅनिंगच्या सूचनेवरून आग्रा येथील गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख विल्यम म्यूर याने अधिकाऱ्यांकडून माहिती मागविली. हत्येपूर्वी स्त्रियांची अब्रू घेतल्याचा विश्वसनीय पुरावा त्याला मिळाला नाही. एडवर्ड लेकी याने १८५९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा अनेक कथांचा खोटेपणा दाखविला. पुढे सर जॉन के यानेही त्यांना प्रक्षुब्ध कल्पनाशक्तीची निर्मिती ठरविले. परंतु खंडनाला अफवेचा वेग नसतो. १८५८ मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलेल्या नोएल पेटनच्या चित्रात बंदिस्त स्त्रियांवर चालून येणारे शिपाई होते; प्रेक्षकांना ते असह्य झाले, म्हणून चित्रकाराने त्यांच्या जागी सुटकेसाठी आलेले हायलंडर सैनिक रंगविले. कानपुरात मात्र कोणीही वेळेवर पोहोचले नव्हते. विहिरीवर उभारलेल्या स्मारकाच्या उद्यानात एतद्देशीयांना परवान्यावाचून प्रवेश नसे. स्वातंत्र्यानंतर देवदूताचा पुतळा तेथून चर्चच्या आवारात हलविण्यात आला व उद्यानाला नानासाहेबांचे नाव मिळाले.

महाराष्ट्राचा या प्रकरणाशी संबंध पेशवाईच्या नात्याने येतो. म्हणून येथील वाचकाला दोन मोह संभवतात. अफवा खोट्या ठरल्या म्हणून हत्येचे गांभीर्य कमी लेखणे, हा एक. नीलच्या क्रौर्याकडे बोट दाखवून बिबीघरचा हिशेब चुकता झाला असे समजणे, हा दुसरा. दोन्ही प्रमाणशास्त्राला धरून नाहीत. विटंबनेच्या कथा असिद्ध ठरल्याने दोनशे जीवांचा अंत असिद्ध ठरत नाही. आणि तो सिद्ध असल्याने अलाहाबादच्या रस्त्यावर झाडांना लटकविलेली माणसे अपराधी ठरत नाहीत.

ओलिसांनी प्रत्यक्ष भोगलेले दुःख मुळातच इतके होते की त्यात भर घालण्याचे कारण नव्हते. भर घालणाऱ्यांनी मृतांची साक्ष दुर्बळ केली व तिच्या नावावर जिवंतांचे प्राण घेतले. छळाच्या वार्तेवरील लोकक्षोभाचा अभ्यास करताना काय घडले, काय सांगितले गेले आणि सांगितलेल्याच्या बळावर काय केले गेले, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. त्यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले की इतिहासलेखन पक्षाची कैफियत बनते.