चेंडू कुणाला लागला?

आधी नाकाला कळतं. सडक्या अंड्यासारखा गंधकाचा दर्प येतो, मागोमाग कोळशाचा धूर. मग घशात खवखव सुरू होते आणि पायाखालची फरशी थरथरतेय असं वाटतं. खरंच थरथरतेय. शेजारी नदीच्या काठाला जोन्स अँड लॉफलिनचा पोलादाचा कारखाना आहे आणि तो दिवसरात्र चालतो.

तुम्ही पिट्सबर्गमध्ये आहात, साउथ साइड भागात, ईस्ट कार्सन स्ट्रीटवर. साल १९७२, डिसेंबरातला शनिवार, नाताळ परवावर आलेला. आभाळ खाली उतरलंय, खिडक्यांच्या चौकटींवर काजळी बसलीय. कोटाची कॉलर वर करा आणि समोरच्या बारचं दार ढकला.

आत ऊब अंगावर येते. सिगारेटचा धूर, ओल्या लोकरीचा वास, तव्यावर कांद्यासोबत परतल्या जाणाऱ्या कीलबासा सॉसेजची चरचर. कोपरानं कोपर ढकलत तुम्ही काउंटरपर्यंत पोचता. बारवाला काही न विचारता एका छोट्या ग्लासात व्हिस्की आणि शेजारी आयर्न सिटी बिअर ठेवतो. घेत नसाल तर नुसती हातात धरा, कुणी विचारणार नाही. सगळ्यांचं लक्ष एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण टीव्ही नाही.

टीव्ही वर फळीवर आहे, पण त्यावर सामना नाही. इथल्या स्टीलर्स आणि ओकलंड रेडर्स या संघांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चाललाय याच शहरात, नद्यांच्या संगमापाशी, थ्री रिव्हर्स स्टेडियमवर. बाकी देशाला तो घरबसल्या दिसतोय. ज्यांचा संघ, त्यांनाच दिसत नाही. घरच्या मैदानावरचा सामना आसपासच्या ७५ मैलांत दाखवायचा नाही, म्हणजे लोक तिकीट काढून येतील, असा लीगचा नियम. स्टेडियममधल्या पन्नास हजार खुर्च्या भरल्यात. काही हुशार मंडळी सकाळीच गाड्या काढून ७५ मैलांपलीकडच्या मोटेलांत खोल्या घेऊन बसलीत. उरलेल्या शहराला आधार रेडिओचा.

रेडिओ बाटल्यांच्या मधोमध ठेवलाय. शेजारचा साठीकडे झुकलेला माणूस त्याला कान लावून बसलाय. हाताच्या पाठीवर भाजल्याचे जुने पांढरे डाग, नखांत कधीच न निघणारं काळं.

"तुम्ही इथले नाही वाटतं," तो मान न वळवता म्हणतो. "सोपं आहे. चार संधी, दहा यार्ड. दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार संधी. नाही सरकलात तर चेंडू द्या समोरच्याला."

आत्ता काय चाललंय ते विचारण्याआधी त्याचा चेहरा बघा. स्टीलर्सचा हा चाळिसावा मोसम, आणि बाद फेरीत त्यांनी आजवर एकही सामना जिंकलेला नाही. हा माणूस विशीत असल्यापासून हरणं ऐकतोय. आज त्यांनी ६–० अशी आघाडी घेतली होती. शेवटचं सव्वा मिनिट उरलं असताना ओकलंडचा केन स्टेबलर स्वतः चेंडू घेऊन ३० यार्ड पळाला. ६–७. आता २२ सेकंद उरलेत, चौथी म्हणजे शेवटची संधी आहे आणि दहा यार्ड हवेत. कोपऱ्यातल्या एकानं टोपी घातलीसुद्धा.

तीनला सुटलेली पाळी जेवणाचे डबे घेऊन दारातून आत येतेय. "किती?" कुणी उत्तर देत नाही.

समालोचकाचा आवाज चढतो. स्टीलर्सचा टेरी ब्रॅडशॉ मागे सरकला, दोघांच्या हातून निसटला, चेंडू फेकला... आणि पुढचं काही कळतच नाही. रेडिओतून शब्दांऐवजी गर्जना येते. पन्नास हजार माणसं ओरडतायत एवढंच समजतं. आनंदानं की रागानं? बारमध्ये शंभर माणसं श्वास रोखून उभी. मग आपल्याच एकाचं नाव सुटं होऊन बाहेर येतं: फ्रँको हॅरिस. फ्रँकोकडे चेंडू आहे. फ्रँको पळतोय.

पुढच्या क्षणी तुमचे पाय जमिनीवर नाहीत. कुणीतरी मिठी मारून तुम्हाला उचललंय, मानेवरून बिअर ओघळतेय, गालाला खरखरीत दाढी घासतेय. आणि लगेच कुणीतरी ओरडतं, "थांबा! थांबा!" पंचांनी अजून कौल दिलेला नाही.

ही काही मिनिटं सगळ्यात लांब. मैदानावर पंच घोळका करून उभे आहेत. मुख्य पंच डगआउटमध्ये जाऊन फोनवर बोलून आलेत म्हणे. अखेर ते दोन्ही हात आभाळाकडे करतात आणि रेडिओ सांगतो: टचडाऊन. सामना १३–७ असा संपतो. शेजारचा माणूस ओरडत नाही. तो काउंटरवर कपाळ टेकतो, आणि त्याची पाठ हलताना दिसते.

आता मुख्य खेळ सुरू होतो.

म्हातारा सावरतो, बाहीनं नाक पुसतो आणि काउंटरवरची जागा मोकळी करतो. बिअरच्या बुचांची दोन रांगांत मांडणी. मिठाची बाटली म्हणजे ब्रॅडशॉ. मोहरीच्या सॉसची बरणी म्हणजे ओकलंडचा जॅक टेटम, कारण तोही असाच अंगावर येतो. चेंडू म्हणून एक शेंगदाणा. आणि फ्रँकोसाठी तो खिशातून कारखान्यातला पोलादी नट काढतो, अंगठ्यानं पुसतो आणि हलकेच ठेवतो.

"हे बघ," तो म्हणतो. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी आवाजावरून कळतं की तुम्ही आता त्याच्यासाठी 'तू' झालात. "ब्रॅडशॉनं चेंडू फेकला आपल्या फुक्वासाठी. हे बूच म्हणजे फुक्वा. चेंडू आला आणि त्याच क्षणी टेटम त्याच्यावर आदळला. चेंडू उडाला मागे. जमिनीला लागणार तेवढ्यात..." शेंगदाणा काउंटरवरून घरंगळतो आणि तो नटानं अलगद अडवतो. "बुटाच्या लेसपाशी!"

"पण चेंडू लागला कुणाला?" पलीकडून प्रश्न येतो.

बारमधला आवाज एकदम बदलतो. नियम असा: आपल्याच एका खेळाडूला लागून उडालेला चेंडू, मध्ये विरोधकाचा स्पर्श न होता, आपल्याच दुसऱ्यानं पकडला तर तो झेल बाद. फुक्वाला लागला असेल तर सगळं व्यर्थ. टेटमला लागला असेल तर देवाची कृपा. शेंगदाणा दहा वेळा उडतो, दहा जण तो उडवतात आणि प्रत्येकाच्या हातून वेगळ्या दिशेला जातो. यातल्या एकानंही तो झेल डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी प्रत्येकाला शपथेवर माहीत आहे.

संध्याकाळी फळीवरच्या टीव्हीवर दुसरा सामना लागतो. डॅलस काउबॉइज शेवटच्या टप्प्यात १३–२८ असे मागे असताना सॅन फ्रान्सिस्कोला ३०–२८ हरवतात. एरवी या सामन्यावर आठवडा गेला असता. आज कुणी मान वर करत नाही.

रात्री अकराच्या बातम्यांत किरट्या आवाजाचा लाडका समालोचक मायरन कोप बोलतो. एका बाईनं फोन करून झेलाला नाव सुचवलंय: इमॅक्युलेट रिसेप्शन. पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त दर ८ डिसेंबरला ज्या 'इमॅक्युलेट कन्सेप्शन'च्या नावानं भरतं, त्यावरचा हा श्लेष. निष्कलंक झेल. पोलिश, स्लोव्हाक, आयरिश, इटालियन कॅथलिकांनी भरलेल्या या शहराला तो एका क्षणात कळतो.

रविवारी तुम्ही म्हाताऱ्याच्या घरी आहात, नदीच्या वरच्या उतारावर, एकाला एक खेटून उभ्या घरांपैकी एकात. स्वयंपाकघराच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्यात. आज नाताळची पूर्वसंध्या, मांस वर्ज्य. त्याची बायको पिठाच्या गोल चकत्यांत बटाटा आणि चीज भरून कडा बोटांनी दाबतेय. आपली करंजीच, फक्त उकडलेली. वर लोण्यात परतलेला कांदा. तुम्हालाही एक चकती मिळते. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर मायामी डॉल्फिन्स क्लीव्हलंडला २०–१४ हरवतात. यंदा मायामी एकदाही हरलेली नाही, आणि पुढच्या रविवारी ती इथे येणार. "येऊ दे," आजी पिठाळ हातानं सांगते. "आपल्याकडे फ्रँको आहे." मग नवऱ्याकडे बघून ठामपणे, "आणि चेंडू टेटमलाच लागला."

नाताळच्या दिवशीही भट्टी विझत नसते, म्हणून पाळी चुकत नाही. डबा उघडताना तोच प्रश्न. ट्राममध्ये दांड्याला लटकताना तोच. न्हाव्याकडे कात्री हवेत थांबते आणि कंगवा फुक्वा होतो. नवनवी माहिती पाव विकल्यासारखी गरमागरम फिरते. संघाचे म्हातारे मालक आर्ट रूनी यांना तो क्षण दिसलाच नाही, हरलो असं समजून पोरांचं सांत्वन करायला ते लिफ्टनं खाली निघाले होते! फुक्वाला विचारलं तर तो गालात हसतो. फ्रँकोची आई इटालियन, वडील कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक, म्हणून इथल्या इटालियन बेकरीवाल्यांनी 'फ्रँकोज इटालियन आर्मी' काढलीय. डोक्यावर सैनिकी शिरस्त्राणं, बगलेत लांबलचक पाव. एरवी एकमेकांच्या चर्चमध्ये पाऊल न टाकणारी माणसं आठवडाभर एकाच शेंगदाण्याभोवती उभी आहेत.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच बार, तोच रेडिओ. मायामीचा पंटर लॅरी साइपल चेंडू लाथाडायच्या बेतात असतो आणि सगळ्यांना फसवून ३७ यार्ड पळतो. १७–२१. हरलो. म्हातारा नट खिशात टाकतो. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्याला हरणं पचतं; या वेळी तो "पुढच्या वर्षी" म्हणतो, आणि तुम्हाला ते खरं वाटतं.

नव्या वर्षाची सकाळ. शेगडीवर आंबवलेली कोबी आणि डुकराचं मांस शिजतंय, वर्ष चांगलं जावं म्हणून. रेडिओवर बातमी येते आणि आजीचा डाव हातातच राहतो. रॉबर्टो क्लेमेंटेचं विमान समुद्रात कोसळलंय. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा क्लेमेंटे, ज्यानं याच स्टेडियमवर सप्टेंबरच्या शेवटी कारकिर्दीतला ३,०००वा हिट मारला होता. फ्रँकोनं तो चेंडू उचलला त्याच दिवशी निकाराग्वातलं मानाग्वा शहर भूकंपानं कोसळलं होतं. तिथल्या लोकांसाठी मदतीचं सामान घेऊन क्लेमेंटे पोर्तो रिकोहून काल रात्री निघाला होता.

आठवडाभर न थांबलेलं शहर गप्प होतं. म्हातारा खिडकीशी उभा राहून नदीकडे बघतो. बऱ्याच वेळानं तो बोलतो, क्लेमेंटेबद्दल: उजव्या कोपऱ्यातून त्यानं फेकलेला एक चेंडू थेट तिसऱ्या बेसवर कसा पोचला होता. आजी त्यात दुरुस्ती करते. शेजारी दार वाजवून आत येतो, त्याला तो चेंडू वेगळाच आठवतो. बोलणं पुन्हा सुरू होतं, या वेळी हळू आवाजात. माणूस गेला की तो जपायची या घराला हीच एक रीत ठाऊक आहे.

आता परत या. ७५ मैलांचा तो नियम पुढच्याच वर्षी सैल झाला, तिकिटं आधी संपली की सामना शहरालाही दिसू लागला. दुहेरी स्पर्शाचा नियम १९७८मध्ये रद्द झाला. ऐंशीच्या दशकात साउथ साइडच्या भट्ट्या विझल्या, २००१मध्ये स्टेडियम पाडलं गेलं. फ्रँको हॅरिस डिसेंबर २०२२मध्ये गेला, झेलाला पन्नास वर्षं व्हायला काहीच दिवस बाकी असताना. उपलब्ध चित्रफिती किती वेळा पाहिल्या तरी चेंडू कुणाला लागला याचा वाद मिटत नाही.

जुन्या मैदानाच्या जागी, नदीच्या उत्तर काठावरच्या एका फूटपाथवर त्या झेलाची खूण केलेली आहे. कधी पिट्सबर्गला गेलात तर तिथे जा आणि शेजारून जाणाऱ्या एखाद्या पिकल्या केसांच्या माणसाला विचारा, चेंडू कुणाला लागला? फक्त पुढचं काही काम ठरवून जाऊ नका. आणि तो खिशातून काही काढून कठड्यावर मांडू लागला, तर त्याला जागा करून द्या.