जुना व्रण, न भरणारी जखम आणि कॅन्सर

लहानपणी गरम पाणी सांडून पाय भाजलेला असतो. जखम भरते, व्रण राहतो. कित्येक वर्षांनी तिथलीच कातडी फुटते आणि जखम भरता भरत नाही. तुम्ही मलम बदलत राहता. अशा जखमेत क्वचित त्वचेचा कॅन्सर असू शकतो.

१८२८ साली पॅरिसचे सर्जन झाँ-निकोला मार्जोलिन यांनी व्रणांवर होणाऱ्या अशा जखमांचे वर्णन केले. तो कॅन्सर आहे हे त्यांनी ओळखले नव्हते. ते पुढच्या डॉक्टरांनी दाखवले. तरी 'मार्जोलिन अल्सर' हेच नाव रूढ झाले.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह 'धोतर कॅन्सर'ची नोंद केली. धोतर कंबरेला रोज घट्ट आवळल्याने तिथली कातडी वर्षानुवर्षे घासली जात होती. पुढे असाच कॅन्सर साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही दिसला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती. कंबरेवरची जखम दोन वर्षे भरली नाही आणि निदान होईपर्यंत कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे का होते? कातडी पुन्हा पुन्हा फुटते, भरते. प्रत्येक वेळी नव्या पेशी तयार होतात आणि एखाद्या वेळी त्यांची वाढ ताब्यात राहत नाही. भाजल्यानंतर याला सरासरी ३० वर्षे लागतात, म्हणून जुन्या व्रणाशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

आमच्या आजऱ्यात कंबरेवर नाडीचा काळा पट्टा असलेल्या आजी रोज तपासायला येतात. घाबरू नका, बहुतेकांना काही होत नाही. नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा, जागा बदला.

मात्र जुन्या व्रणावरची किंवा कंबरेवरची जखम दीड महिन्यात भरली नाही, कडा जाड झाल्या, रक्त किंवा घाण वास येऊ लागला, तर दुखत नसली तरी दाखवा. डॉक्टर कडेचा तुकडा तपासायला सांगतील. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही समजूत चुकीची आहे. वेळेत कळले, तर तेवढा भाग कापून काढून रोगी बरा होऊ शकतो.