कांद्यावरची बुरशी आणि रक्तातील साखर

आपले देवळाली प्रवरा हे उसाच्या मुलखातले गाव. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो १९५० साली. पोत्यातली साखर काट्यावर मोजता येते. रक्तातली साखर मोजण्यास मात्र माणसाला फार काळ लागला.

लघवीला मुंग्या लागणे हे मधुमेहाचे लक्षण चरकसंहितेत सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने आपले निळे द्रावण तयार केले. ते काचेच्या नळीत घ्यावयाचे, लघवीचे आठ थेंब टाकून उकळावयाचे. साखर असेल तसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी होई. सासूबाईंसाठी हे काम मी स्पिरिटच्या दिव्यावर कित्येक वर्षे केले. पण रक्तातील साखर शंभर मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून लघवीत उतरत नाही. एका पहाटे सासूबाईंना दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, आणि नळी मात्र निळीशार! साखर फार खाली गेली, हे त्या नळीला सांगताच येत नव्हते. साखरपाणी पाजले तेव्हा त्या सावरल्या.

यावरचा उपाय सापडला तो निसर्गातच. चाळीतल्या कांद्यावर जी काळी बुरशी धरते, तिच्याजवळ ग्लुकोज नेमके ओळखणारे एक विकर असते. मधमाशीजवळही तसलेच विकर असते. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी असे विकर पातळ पडद्यात धरून विजेच्या अग्रावर बसविण्याची कल्पना मांडली. विकर ग्लुकोजवर काम करताना प्राणवायू खर्च करते. तो किती घटला हे विजेवर मोजले, की साखर कळते. (क्लार्क यांनी प्राणवायू मोजण्याचे अग्र प्रथम केले, तेव्हा सिगारेटच्या पाकिटावरचा सेलोफेन वापरला होता. आपणा बायकांना ही काटकसर नवी नाही!) १९७५ साली प्रयोगशाळेसाठी यंत्र विक्रीस आले. पुढे प्राणवायूऐवजी लोहाचे एक संयुग वापरण्याची युक्ती इंग्लंडमध्ये निघाली, आणि १९८७ साली पेनाएवढे उपकरण घरोघर वापरण्याजोगे झाले. २०१४ साली मुंबईच्या आयआयटीच्या सहभागाने देशी यंत्रही पुढे आले.

आता सासूबाईंच्या जागी मी आहे. रक्ताचा एक थेंब, काही सेकंद, आणि आकडा समोर. साखर चढलेली असो वा उतरलेली. मात्र परवा गूळ फोडून आले, आणि हात न धुताच बोट टोचले. आकडा पाहून घाबरले! हात धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहिले, तेव्हा तो निम्म्यावर आला.