नाशिक अधिवेशन, काँग्रेसचे (१९५०)

नाशिक अधिवेशन : (२०–२१ सप्टेंबर १९५०). भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे ५६ वे अधिवेशन. देश प्रजासत्ताक झाल्यानंतरचे हे पहिलेच अधिवेशन. सत्तेवर असलेल्या पंतप्रधानाच्या नेतृत्वावर आणि धोरणांवर त्याच्याच पक्षातील परंपरानिष्ठ गटाने उघड हरकत घेतली, मतदानाने आपला अध्यक्ष निवडून आणला, आणि तरीही धोरणाचे ठराव पंतप्रधानाच्या मनासारखे झाले, असा प्रसंग काँग्रेसच्या इतिहासात येथे घडला. पंतप्रधान होते जवाहरलाल नेहरू आणि अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन. दोघेही अलाहाबादचे, दोघांचा स्नेह स्वातंत्र्यलढ्याइतका जुना.

पार्श्वभूमी : फाळणीला तीन वर्षे झाली होती, पण तिची जखम ओलीच होती. १९५०च्या आरंभी पूर्व बंगालमध्ये दंगली उसळल्या आणि निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येऊ लागले. ८ एप्रिल रोजी नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांनी दिल्लीत करार केला. आपापल्या देशातील अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याची हमी दोन्ही सरकारांनी त्यात घेतली. पाकिस्तानच्या शब्दावर विसंबणे हीच चूक आहे, असे म्हणत श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. पंजाब, सिंध आणि बंगालमधून घरदार सोडून आलेल्यांच्या मनात हीच भावना होती. खुद्द नाशिकजवळ देवळालीच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले होते. ज्या प्रश्नावर पक्ष दुभंगत होता, तो नाशिककरांना केवळ वर्तमानपत्रातून कळत नव्हता.

आर्थिक धोरणावरही कुरबुर होती. १५ मार्च १९५० रोजी नियोजन आयोग स्थापन झाला आणि पंतप्रधान स्वतः त्याचे अध्यक्ष झाले. हा आयोग मंत्रिमंडळाला समांतर सत्ताकेंद्र बनेल, खर्चावरचा अर्थखात्याचा लगाम सैल होईल, असा आक्षेप घेऊन अर्थमंत्री जॉन मथाई पायउतार झाले. त्यांच्या जागी रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आले. रायगड जिल्ह्यातील नाते गावात जन्मलेल्या या मराठी माणसाने पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेचा जमाखर्च सांभाळला.

तिसरा मुद्दा हिंदू कोड बिलाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ते पुढे रेटत होते, नेहरूंचा त्याला पाठिंबा होता, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांपासून पक्षातील अनेक ज्येष्ठांचा त्याला विरोध होता. लोकांनी निवडून न दिलेल्या तात्पुरत्या संसदेने विवाह, वारसा, दत्तक असे विषय हाताळू नयेत, असे विरोधकांचे म्हणणे. नाशिकला हा वाद नवा नव्हता. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात आंबेडकरांच्या अनुयायांनी सत्याग्रह मांडला होता. जिल्ह्यातल्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. दुसरीकडे, याच शहरात १९३७ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी भोसला मिलिटरी स्कूल उभारले होते आणि शेजारच्या भगूर गावी वि. दा. सावरकरांचा जन्म झाला होता. सुधारणा आणि परंपरा या दोन्ही बाजूंची माणसे नाशिकच्या मातीने पाहिली होती.

टंडन आणि त्यांची भूमिका : पुरुषोत्तमदास टंडन (१८८२–१९६२) हे ‘राजर्षी’ म्हणून ओळखले जात. पांढरी दाढी, साधा वेष, अहिंसेपोटी कातड्याच्या वहाणा वर्ज्य, असे त्यांचे राहणे होते. संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे ते १९३७ पासून अध्यक्ष होते. हिंदीचा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. राज्यघटनेत हिंदीसोबत देवनागरी अंकच हवेत, आंतरराष्ट्रीय अंक नकोत, यासाठी ते घटना समितीत झगडले. जून १९४७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे फाळणीचा ठराव आला, तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत ते होते.

त्यांना नुसते ‘प्रतिगामी’ म्हणून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. संयुक्त प्रांतात त्यांनी शेतकऱ्यांच्या चळवळीत काम केले होते आणि त्यांच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी विरोधकही आदराने बोलत. त्यांची परंपरानिष्ठा जमीनदारांच्या हिताची नव्हती; ती भाषा, संस्कृती आणि राष्ट्र यांविषयीच्या धारणेतून आलेली होती. मथाईंचा विरोध हिशेबाचा, मुखर्जींचा पाकिस्तानविषयक, राजेंद्रप्रसादांचा हिंदू समाजरचनेविषयीचा. नेहरूंवरील परंपरानिष्ठ टीका ही अशी अनेक प्रवाहांची होती. १९५०च्या उन्हाळ्यात हे प्रवाह टंडन यांच्या नावाभोवती एकत्र आले, एवढेच.

अध्यक्षपदाची निवडणूक : १९४८ मध्ये टंडन अध्यक्षपदासाठी उभे राहिले होते आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्याकडून थोडक्यात हरले होते. १९५० मध्ये ते पुन्हा उभे राहिले. ऑगस्टमध्ये नेहरूंनी त्यांना पत्र लिहून आपला विरोध स्पष्ट सांगितला : देशातील पुष्कळांच्या दृष्टीने टंडन हे जातीय आणि पुनरुज्जीवनवादी वृत्तीचे प्रतीक बनले आहेत. टंडन यांचे उत्तर सौम्य होते. मतभेद त्यांनी नाकारले नाहीत, पण जुन्या स्नेहात उणेपणा येणार नाही याची ग्वाही दिली. निवडणुकीच्या तोंडावर दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना असे लिहितात, ही त्या पिढीची उंची होती.

उपपंतप्रधान वल्लभभाई पटेल यांचा टंडन यांना पाठिंबा होता. आचार्य जे. बी. कृपलानी यांच्यामागे रफी अहमद किडवाई यांच्यासारखे नेहरूंचे विश्वासू होते. तिसरे उमेदवार महाराष्ट्राचे शंकरराव देव, गांधीजींच्या विचारात मुरलेले कार्यकर्ते आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष. मतमोजणीत टंडन यांना १,३०६, कृपलानींना १,०९२ आणि देवांना २०२ मते पडली. या आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. एकूण मते २,६००. त्यांची निम्मी १,३००. म्हणजे टंडन यांच्या पारड्यात निम्म्याहून फक्त सहा मते अधिक होती. पक्षाची संघटना किती बरोबर मधोमध चिरली गेली होती, हे यापेक्षा नेमके सांगणारा दुसरा पुरावा नाही.

निकालानंतर नेहरूंनी जाहीर निवेदन काढले. जातीयवादी आणि प्रतिगामी शक्तींनी या निकालाचा उघड आनंद मानला, याचे त्यांनी त्यात दुःख व्यक्त केले. अधिवेशन आठवड्यावर आले होते.

नाशिकमध्ये : प्रतिनिधी गोदाकाठच्या या शहरात जमले, तेव्हा प्रश्न एकच होता. अध्यक्ष एका विचाराचा आणि पंतप्रधान दुसऱ्या विचाराचा असेल, तर पक्षाचे धोरण कोणाचे? नेहरूंनी त्याला बगल दिली नाही. जातीयवाद, पाकिस्तानशी संबंध, आर्थिक कार्यक्रम, परराष्ट्र धोरण या विषयांवरचे ठराव त्यांनी आपल्या भूमिकेवरील विश्वासाची कसोटी बनवले. पाकिस्तानात हिंदूंशी कसे वागले जाते यावर भारतातील मुसलमानांना मिळणारी वागणूक ठरणार नाही, हे त्यांनी प्रतिनिधींना ठणकावून सांगितले. बहुसंख्य लोकांना वेगळे हवे असेल म्हणून आपली विवेकबुद्धी गर्दीच्या स्वाधीन करायला ते तयार नव्हते. पक्षाला ही धोरणे नको असतील तर त्याने दुसरा पंतप्रधान शोधावा, असा या सगळ्याचा अर्थ होता आणि तो प्रत्येकाला कळत होता.

ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाले. तीन आठवड्यांपूर्वी टंडन यांना मते देणाऱ्या अनेकांनी नाशिकमध्ये नेहरूंच्या ठरावांसाठी हात वर केले. त्यात विसंगती वाटली तरी तिचे कारण साधे आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुका समोर होत्या, आणि गावोगावी ज्यांच्या सभेला माणसे लोटतील असे नाव पक्षाजवळ एकच होते. संघटनेच्या मतपेटीत परंपरानिष्ठ गट जिंकू शकत होता. देशाच्या मतपेटीसाठी मात्र त्यालाही नेहरूच हवे होते.

प्रकृती ढासळलेली असताना पटेलांनी या प्रकरणात जी भूमिका घेतली, ती विशेष नोंदवण्याजोगी आहे. टंडन यांना निवडून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण सरकार अस्थिर होईल इतके ताणण्याची त्यांची तयारी नव्हती. अधिवेशन संपल्यावर दहा-बारा दिवसांनी, २ ऑक्टोबरला, इंदूरजवळच्या समारंभात त्यांनी जाहीरपणे सांगितले की आपले नेते नेहरू आहेत, बापूंनी त्यांना वारस नेमले आहे आणि आपण बेइमान शिपाई नाही. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. टीका करणाऱ्या गटाचा आधार आणि त्याचा लगाम, दोन्ही एकाच माणसाच्या हाती होते. ते दोन्ही एकदमच गेले.

परिणाम : नाशिकचा तोल वर्षभरही टिकला नाही. टंडन यांनी कार्यकारिणी नेमताना किडवाईंना वगळले. नेहरू नाइलाजाने तीत सामील झाले. जून १९५१ मध्ये कृपलानींनी बाहेर पडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा देऊन पेच टोकाला नेला. त्याच सुमारास नागपूरला, त्या वेळच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत, राज्याचे गृहमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी नेहरूंच्या नेतृत्वावर हुकूमशाहीचा आरोप करीत पद सोडले. अखेर ८ सप्टेंबर १९५१ रोजी दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समितीने टंडन यांचा राजीनामा स्वीकारला आणि नेहरूंनाच अध्यक्ष केले. टंडन यांनी कडवटपणा न दाखवता पद सोडले आणि ते पक्षातच राहिले. १९६१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा पंतप्रधान नेहरूच होते.

पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. मुखर्जी यांनी २१ ऑक्टोबर १९५१ रोजी स्थापन केलेल्या भारतीय जनसंघाला तीन जागा मिळाल्या. देशाची मते नेहरूंच्या नावावर मिळतील हा अंदाज खरा ठरला, हे मान्य करावे लागते. पण त्याची किंमतही मोजली गेली. १९५१ नंतर काही वर्षे पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष एकच होते, आणि पुढचे अध्यक्ष पंतप्रधानाला अडवण्यासाठी निवडले जात नव्हते. पक्षातली टीका पक्षाबाहेर गेली. जानेवारी १९५९ च्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढून परवाना-परमिट राज्यावर हल्ला चढवला. या आर्थिक टीकेचा धागा पुढे नाशिक जिल्ह्यातही आला. १९८० मध्ये कांदा आणि उसाच्या भावासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने येथे रस्ते आणि रेल्वे रोखले. जोशींनी १९९४ मध्ये काढलेल्या पक्षाचे नाव ‘स्वतंत्र भारत पक्ष’ असे होते.

अमेरिकेशी तुलना : सत्तेवरील नेत्यावर त्याच्याच पक्षातून होणाऱ्या परंपरानिष्ठ टीकेची उदाहरणे अमेरिकेत पुष्कळ आहेत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’विरुद्ध १९३४ मध्ये अमेरिकन लिबर्टी लीग स्थापन झाली. तिच्यात डेमोक्रॅटिक पक्षाचेच माजी अध्यक्षीय उमेदवार अल स्मिथ आणि जॉन डेव्हिस होते. करवाढ करणार नाही हे वचन थोरल्या जॉर्ज बुश यांनी १९९० मध्ये मोडले. १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन त्यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी सुमारे ३७ टक्के मते घेतली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांसाठी पक्की असते, त्यामुळे तेथील टीकाकार पुढच्या उमेदवारीवर डोळा ठेवतात. संसदीय पद्धतीत पक्ष आपला पंतप्रधान मधेच बदलू शकतो. नाशिकमध्ये ही शक्यता खरी होती, म्हणूनच तेथल्या मतदानाला वजन होते.

मूल्यमापन : अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर नेहरूंची भूमिका योग्य होती. शेजारच्या देशातील अन्यायाचा सूड आपल्या नागरिकांवर उगवू नये, हे तत्त्व त्यांनी पक्षाकडून मान्य करून घेतले नसते तर प्रजासत्ताकाचा पाया पहिल्याच वर्षी खचला असता. मात्र नियोजन, नियंत्रणे आणि एका हाती एकवटणारी सत्ता यांविषयी टीकाकारांनी दिलेले इशारे पोकळ नव्हते. त्या टीकेला पक्षाच्या व्यासपीठावर जागा होती, मतमोजणी होत होती, आणि हरलेला अध्यक्षही सन्मानाने वागवला जात होता. टंडन यांच्या राजीनाम्यानंतर ही जागा आकुंचन पावली. आजच्या कोणत्याही पक्षाने नाशिककडून शिकावे ते हेच, कारण पंतप्रधानाला न आवडणारा अध्यक्ष निवडण्याची मोकळीक तेव्हाच्या काँग्रेसला होती आणि तिने ती वापरली.

१९६२च्या चीन युद्धामुळे नेहरूंवरील टीका पुन्हा उसळली. या वेळी तिच्या दबावाखाली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला तो कृपलानींनी. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. मेनन यांच्या जागी नेमलेले यशवंतराव चव्हाण त्याच वर्षी लोकसभेवर निवडून आले होते. त्यांचा मतदारसंघ नाशिक होता आणि निवड बिनविरोध झाली.