अभियंत्याचा तराजू

हलकी तुळई लवकर वाकते आणि न वाकणारी तुळई जड होते. अभियंत्याच्या विद्येतील पुष्कळशी डोकेदुखी ही एवढीच आहे. दोन्ही गुण हवेत, पण एक वाढला की दुसरा घटतो.

१७७२ साली बेंजामिन फ्रँकलिन याने जोसेफ प्रीस्टली या आपल्या मित्रास निर्णयाची एक युक्ती कळविली होती. कागदावर एका बाजूस अनुकूल व दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणे मांडावीत, आणि समान वजनाची कारणे समोरासमोर खोडीत जावे. संगणकाच्या पुष्कळ आज्ञावल्यांत हीच वृत्ती उतरली आहे: प्रत्येक गुणास भार द्यावा आणि बेरीज पाहावी. आम्हांस ही रीत थोडी लबाड वाटते. खरा निर्णय भार ठरवितानाच होऊन जातो, आणि अखेरीस मात्र 'गणिताने सांगितले' असे म्हणावयास माणूस मोकळा! शिवाय काही चांगले पर्याय असे असतात की, भार कसेही बदलले तरी ते या बेरजेच्या हाती लागतच नाहीत.

दुसऱ्या वाटेस विल्फ्रेदो पारेतो याचे नाव लागले आहे. हा अर्थशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध, परंतु मूळचा अभियंता. रेल्वेत व लोखंडाच्या कारखान्यात त्याने उमेदीची वर्षे घालविली. एकाचे नुकसान केल्यावाचून दुसऱ्याचे हित साधत नाही, अशा स्थितीचा त्याने विचार केला. तो तुळईस लावला म्हणजे एक उत्तर न मिळता उत्तरांची रांग मिळते. तीतील कोणतीही तुळई दुसरीहून सर्वथा सरस नसते.

ही रांग संगणकाकडून शोधवून घेण्याचा प्रयत्न डेव्हिड शॅफर याने १९८५ साली प्रसिद्ध केला. पर्यायांच्या पिढ्यामागून पिढ्या निपजवून त्यांतून निवड करावयाची, अशी त्याची योजना. मात्र तीत एकेका गुणात अव्वल असणारेच तगत आणि मधले, समतोल पर्याय मागे पडत. हा दोष दूर करणाऱ्यांत तेव्हा कानपूरच्या आयआयटीत असलेल्या कल्याणमय देब यांचे स्थान मोठे आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या 'एनएसजीए-२' या पद्धतीत, बरोबरीच्या पर्यायांपैकी ज्याच्या आसपास वस्ती विरळ त्यास पसंती मिळते. त्यामुळे रांग सलग भरत जाते.

रांग हाती आली तरी तीतील कोणती तुळई घ्यावी हे आज्ञावली सांगत नाही. तेथे भार देण्याची जुनी रीत पुन्हा पुढे येते. पण आता वजन किती वाढविले असता वाक किती कमी होतो, हे भार देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते.